पाळीव सापाला केवढे भक्ष्य द्यावे आणि किती दिवसांनी द्यावे

पाळीव साप किती वेगाने वाढेल, हे काही अंशी तो अंड्यातून बाहेर येण्यापूर्वीच ठरलेले असते. त्याची जात, त्याचे लिंग आणि आईबापांकडून आलेला पिंड यांत पाळणाऱ्याला काही करता येत नाही. त्याच्या हातात मुख्यतः तीन गोष्टी उरतात: काचपेटीतील तापमान, भक्ष्याचा आकार आणि दोन खाण्यांमधील अंतर. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींबद्दल नवख्या माणसाला बहुधा एकाच वाक्यात सल्ला मिळतो, ‘आठवड्याला एक उंदीर द्या.’ हा सल्ला अपुरा आहे. दीड-दोन ग्रॅमच्या गुलाबी पिल्लापासून तीस ग्रॅमच्या पूर्ण वाढलेल्या उंदरापर्यंत सगळेच त्यात बसते, आणि सात ग्रॅमचे कॉर्न स्नेक या सडपातळ सापाचे पिल्लू व दीड किलोची बॉल पायथन या लहान अजगराची मादी या दोघांची गरज त्यात एकाच मापाने मोजली जाते.

आकार आणि अंतर मिळून एक आकडा तयार होतो, तो म्हणजे आठवड्याला सापाच्या वजनाच्या किती टक्के अन्न त्याच्या पोटात जाते. वाढीचा वेग मुख्यतः याच आकड्यावर चालतो. समजा, चाळीस ग्रॅमच्या कॉर्न स्नेकला दर सात दिवसांनी चार ग्रॅमचे पिल्लू दिले, किंवा दर दहा दिवसांनी सहा ग्रॅमचे दिले, तर दोन्ही हिशेबांत आठवड्याला चार ग्रॅमच्या आसपासच अन्न जाते. तरीही हे दोन मार्ग एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरता येत नाहीत, कारण सापाचे पोट प्रत्येक खाण्यानंतर नव्याने कामाला लागते आणि त्या कामाला स्वतःची मर्यादा असते. ही मर्यादा समजली की केवढे द्यावे आणि कधी द्यावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप सोपी होतात.

भक्ष्य गिळल्यानंतर शरीरात काय घडते

या विषयावरील सर्वांत सखोल अभ्यास बर्मी अजगरावर झालेला आहे. स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दाखवून दिले की, बरेच दिवस उपाशी असलेल्या अजगराची आतडी आक्रसलेली आणि जवळपास निष्क्रिय असतात. भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांच्या आत लहान आतड्याचे वजन सुमारे दुप्पट होते, यकृत आणि मूत्रपिंडे वाढतात, आणि उपाशीपोटी जवळजवळ उदासीन असलेला जठररस तीव्र आम्लधर्मी बनतो. हृदयाच्या स्नायूचे वजन अठ्ठेचाळीस तासांत सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. या काळात प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या अवस्थेतील वापराच्या दहापटीहून अधिक वाढतो, आणि भक्ष्य फार मोठे असेल तर ही वाढ चाळीस पटींपर्यंत जाते. पचन संपले की अवयव पुन्हा लहान होतात.

याचा अर्थ, गिळलेल्या अन्नाचा मोठा हिस्सा ते अन्न पचवण्यातच खर्च होतो, आणि उरलेल्यातून वाढ होते. म्हणूनच भक्ष्य दुप्पट दिले म्हणजे वाढ दुप्पट होते, असे गृहीत धरता येत नाही. भक्ष्य जितके मोठे, तितका पचनाचा काळ लांबतो, आणि एका मर्यादेपलीकडे पोटातले अन्न पचण्याआधीच आतून कुजू लागते. तेथे वाढीचा प्रश्न मागे पडतो आणि सापाच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो.

याच दोन शास्त्रज्ञांनी पुढे निरनिराळ्या सापांची तुलना केली, तेव्हा एक उपयुक्त फरक स्पष्ट झाला. एका जागी दबा धरून क्वचित खाणाऱ्या सापांमध्ये, म्हणजे अजगर, त्यांच्यासारखेच भक्ष्याला आवळणारे बोआ आणि घोणसाच्या कुळातील काही व्हायपर यांच्यात, उपाशी आणि भरल्या पोटाच्या अवस्थांतील फरक प्रचंड असतो. हिंडून-फिरून वारंवार खाणाऱ्या सापांची आतडी मात्र दोन खाण्यांच्या मधल्या काळातही बऱ्यापैकी सज्ज राहतात, आणि त्यांचा विश्रांतीतला खर्चही अधिक असतो. बोआ किंवा बॉल पायथन कमी वेळा खाऊन उत्तम राहतो, आणि गार्टर स्नेक किंवा कॉर्न स्नेकचे पिल्लू तितक्याच अंतराने खायला दिले तर मागे पडते, याचे मूळ येथे आहे. एका जातीसाठी चांगले ठरलेले वेळापत्रक दुसऱ्या जातीला लावणे ही नवख्यांकडून सर्वाधिक होणारी चूक आहे, असे मला वाटते.

भक्ष्याचा आकार ठरवताना

आकार दोन प्रकारे मोजावा, जाडीने आणि वजनाने. सापाच्या धडाचा सर्वांत जाड भाग जितका रुंद, तितकेच भक्ष्य रुंद असावे. पिल्लांना आणि धडधाकट सापांना त्याच्या सव्वापटीपर्यंत चालते. काही जण दीडपटीपर्यंत जातात. बहुतेक निरोगी साप तेवढे भक्ष्य पचवतातही, परंतु नेहमीच तेवढे देण्याने काही विशेष साधत नाही, आणि एखाद्या आठवड्यात तापमान थोडे जरी कमी पडले तरी तो साप ते ओकून टाकण्याची शक्यता वाढते. सापाच्या डोक्याकडे पाहून आकार ठरवू नये. खालच्या जबड्याचे दोन अर्ध पुढे हाडाने जोडलेले नसून लवचीक स्नायुबंधाने जोडलेले असतात, त्यामुळे साप आपल्या डोक्याच्या कितीतरी पट रुंद वस्तू गिळू शकतो. गिळता येणे आणि नीट पचवता येणे यांत मात्र अंतर आहे.

वजनाच्या हिशेबाने, अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाला एका वेळी त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भक्ष्य पुरते. अर्धवट वाढलेल्या सापाला ७ ते १० टक्के, आणि वाढ मंदावलेल्या प्रौढाला ५ ते ७ टक्के पुष्कळ होतात. यासाठी भक्ष्याच्या अवस्थांची वजने लक्षात असणे बरे. उंदराचे गुलाबी पिल्लू, ज्याला सगळे पिंकी म्हणतात, एक ते तीन ग्रॅमचे असते. अंगावर लव आलेले फझी तीन ते सहा ग्रॅमचे. डोळे उघडून उड्या मारू लागलेले हॉपर साधारण सात ते बारा ग्रॅमचे. आणि पूर्ण वाढलेला पांढरा उंदीर वीस ते तीस ग्रॅमचा. मोठ्या जातीच्या उंदराची, म्हणजे रॅटची, पिल्ले पाच ग्रॅमच्या आसपास जन्मतात, दूध सुटण्याच्या सुमारास तीस ते पन्नास ग्रॅमची होतात, आणि प्रौढ रॅट अडीचशे-तीनशे ग्रॅमच्याही पुढे जातो. गोठवलेल्या भक्ष्याच्या पाकिटावर नुसते ‘लहान’ किंवा ‘मध्यम’ लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ दर विक्रेत्यागणिक बदलतो, तेव्हा प्रत्येक भक्ष्य देण्यापूर्वी स्वतः तोलून पाहावे.

जाडी आणि वजन ही दोन मापे एकमेकांशी जुळली नाहीत, तर जातीचा विचार करावा. ब्लड पायथनसारखा आखूड आणि स्थूल साप जाडीच्या मापाने फार मोठे भक्ष्य मागतो आहे, असे वाटते. तेथे वजनाचे माप पाळावे, कारण त्याचा चयापचय मंद असतो आणि चरबी लवकर साठते. उलट, गार्टर स्नेक किंवा झाडांवर राहणारे सडपातळ साप यांच्याबाबत वजनाच्या टक्केवारीत बसणारे भक्ष्यही कधी कधी जाडीला जास्त होते. तेथे एका मोठ्या भक्ष्याऐवजी दोन लहान भक्ष्ये द्यावीत.

निवड बरोबर होती की नाही, हे दुसऱ्या दिवशी सापाकडे पाहून कळते. पोटाच्या जागी हलका फुगवटा दिसावा, त्या भागातले खवले किंचित विलग झालेले असावेत, आणि साप ऊबदार कोपऱ्यात सैलसर वेटोळे घालून पडलेला असावा. फुगवट्यावरची कातडी ताणून खवल्यांच्या मधली त्वचा रुंद पट्ट्यांनी उघडी पडली असेल आणि सापाला त्या भागाशी नीट वळताही येत नसेल, तर भक्ष्य मोठे झाले. सकाळी फुगवटा शोधूनही सापडला नाही, तर पुढच्या वेळी एक पायरी वर जायला हरकत नाही.

पायरी बदलताना भक्ष्याचे वजन बदलते, तसे त्यातले घटकही बदलतात. गुलाबी पिल्लाची हाडे पुरती घडलेली नसतात, त्यामुळे त्यात कॅल्शियम प्रौढ उंदराच्या मानाने कमी असते. तर पिंजऱ्यात वाढलेल्या जाड, वयस्क रॅटच्या अंगात चरबी फार असते. म्हणून पन्नास ग्रॅमच्या सापाला पाच-सहा पिंक्या देत राहणे आणि प्रौढ सापाला एकच अवाढव्य रॅट देणे, दोन्ही टाळावे. पायरी ओलांडताना मात्र पिंकीपासून थेट फझीवर न जाता एक-दोन वेळा दोन पिंक्या देणे सोयीचे पडते, कारण अनेक पिल्ले अचानक लव असलेले भक्ष्य पाहून बिचकतात.

भक्ष्याच्या आकाराचा परिणाम केवळ वजनावर होतो, असेही नाही. ऑस्ट्रेलियातील टायगर स्नेकवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या बेटावर सापांना स्वाभाविकपणे मोठे भक्ष्य मिळते तेथील पिल्लांपैकी मोठ्या उंदरांवर वाढवलेल्यांचे जबडे तुलनेने अधिक लांब झाले. सर्व जातींमध्ये असे घडत नाही. बोआवर केलेल्या तशाच प्रयोगात डोक्याच्या आकारात असा फरक आढळला नाही. तेव्हा डोके मोठे व्हावे म्हणून मोठे भक्ष्य देण्यात काही अर्थ नाही.

दोन खाण्यांमधील अंतर

कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, अर्धवट वाढलेल्याला सात ते दहा दिवसांनी आणि प्रौढाला दहा ते चौदा दिवसांनी भक्ष्य द्यावे. बॉल पायथनच्या पिल्लाला आठवड्याने, पाचशे ग्रॅमच्या पुढे गेलेल्याला दहा ते चौदा दिवसांनी, आणि प्रौढाला दोन ते चार आठवड्यांनी दिलेले बरे. बोआला याहून अधिक अंतर मानवते. पिल्लांना दहा-बारा दिवसांनी आणि प्रौढांना महिन्याभराने दिले तरी ते उत्तम राहतात, आणि घाईने दिल्यास ओकण्याची सवय लागते. गार्टर स्नेकच्या पिल्लांना मात्र आठवड्यातून दोन वेळा लहान लहान घास लागतात. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. त्यानंतरचा निर्णय त्या एका सापाच्या वजनाच्या नोंदीवरून घ्यायचा असतो.

पुढचे भक्ष्य देण्यापूर्वी आधीचा फुगवटा पूर्ण जिरलेला असावा. कॉर्न स्नेक आणि किंग स्नेक यांनी सहसा तोवर विष्ठाही टाकलेली असते. बॉल पायथन आणि बोआ दोन-दोन, तीन-तीन खाण्यांची विष्ठा एकदम टाकतात, म्हणून त्यांच्याबाबत विष्ठेची वाट पाहत बसण्यापेक्षा फुगवटा आणि वजन पाहावे. डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात टाकण्याची वेळ आली असेल, तर तेवढे खाणे पुढे ढकलावे. बरेच साप त्या दिवसांत स्वतःच नकार देतात.

सापाची भूक हे या बाबतीत विश्वासार्ह माप नाही. रानात पुढचे भक्ष्य कधी मिळेल याची खात्री नसल्याने मिळेल तेव्हा गिळून टाकणे हीच त्याची रीत, त्यामुळे कॉर्न स्नेक खाऊन दोन दिवस झाले नाहीत तोच काचेपाशी येऊन डोके उंचावतो आणि उंदराच्या वासावर झेप घेतो. हे पाहून पाळणाऱ्याचे मन द्रवते, आणि वेळापत्रक तिथेच कोलमडते. ठरलेल्या दिवशीच द्यावे.

साप वाढत असताना आधी आकार वाढवावा आणि मग अंतर. पिल्लू मोठे होत गेले आणि भक्ष्य तेवढेच राहिले, तर टक्केवारी आपोआप घसरते: चाळीस ग्रॅमच्या पिल्लाला चार ग्रॅम म्हणजे दहा टक्के, परंतु तेच पिल्लू साठ ग्रॅमचे झाल्यावर चार ग्रॅम म्हणजे सातपेक्षाही कमी. अशा वेळी वाढ मंदावलेली दिसली की पुष्कळ जण लगेच आजाराची शंका घेतात, वास्तविक तेथे केवळ पायरी वाढवायची राहिलेली असते. पायरी वाढवल्यावर अंतर एक-दोन दिवसांनी वाढवावे, कारण मोठे भक्ष्य पचायला अधिक वेळ लागतो. दोन्ही गोष्टी एकदम आणि सापाला जड जातील अशा दिशेने, म्हणजे आकार वाढवून अंतर कमी करून, कधीही बदलू नयेत. प्रौढ झाल्यावर आकार फारसा न वाढवता अंतरच लांबवत जावे. मोठा घास क्वचित देण्यापेक्षा मध्यम घास पुरेशा अंतराने देणे मला प्रौढ सापांसाठी अधिक सुरक्षित वाटते, कारण अशा सापाची प्रकृती खवले चाचपून आणि काट्यावर तोलून सहज पारखता येते आणि पोट कधीही मर्यादेला भिडत नाही.

हे सर्व तापमानावर अवलंबून आहे. साप स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. बाहेरची ऊब मिळाली तरच पचनाचा वेग टिकतो. बॉल पायथनला ऊबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २५-२६ अंश लागते, तर कॉर्न स्नेकला ऊबदार बाजूला २९ ते ३१ अंश पुरते. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान कायम राखणारे उपकरण, बंद पडला असेल, वीज गेली असेल किंवा काचपेटी पुरेशी तापत नसेल, तर त्या दिवशी भक्ष्य देऊच नये. गोठवलेले भक्ष्यही आतपर्यंत पूर्ण वितळलेले आणि कोमट असावे. बोटाने पोट दाबून पाहिल्यावर आत टणक गाठ लागली, तर ते अजून गोठलेलेच आहे.

वजन, लांबी आणि नोंदवही

एक ग्रॅमपर्यंत अचूक असणारा डिजिटल काटा हे साप पाळणाऱ्याचे सर्वांत उपयुक्त साधन आहे. पिल्लांसाठी तो दशांश ग्रॅम दाखवणारा असावा. झाकणाचा हलका प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, साप त्यात सोडावा, झाकण लावावे आणि तो स्थिर झाल्यावर आकडा वाचावा. वजन नेहमी एकाच वेळी, म्हणजे पुढचे भक्ष्य देण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी देण्यापूर्वी घ्यावे. भरल्या पोटी घेतलेल्या वजनात उंदीरही तोलला जातो, आणि खाल्ल्यानंतर दोन दिवस सापाला हाताळणेही योग्य नाही. बॉल पायथनच्या बाबतीत साठलेल्या विष्ठेने आकडा बराच फुगतो, म्हणून विष्ठा कोणत्या दिवशी टाकली, हे वजनाशेजारी लिहून ठेवावे.

लांबी मोजायला कातीचा आधार घेण्याचा मोह होतो, पण कात निघताना ताणली जाते आणि सापाच्या प्रत्यक्ष लांबीपेक्षा बरीच मोठी भरते. काच किंवा पारदर्शक डब्याच्या तळाशी साप निवांत पसरलेला असताना वरून पट्टीसह छायाचित्र घेऊन त्यावरून मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते, आणि सापाला ओढून सरळ करण्याची वेळ येत नाही. दोन महिन्यांतून एकदा मोजणे पुरेसे आहे. कातीची तारीख मात्र दर वेळी लिहावी. वाढत्या पिल्लाने चार ते सहा आठवड्यांनी कात टाकणे स्वाभाविक आहे, आणि प्रौढाच्या कातींमधले अंतर त्याहून बरेच लांबते.

नोंदवहीत तारीख, दिलेल्या भक्ष्याचे ग्रॅम, सापाचे वजन, विष्ठा, कात आणि ऊबदार बाजूचे तापमान एवढेच असावे. महिन्याच्या अखेरीस साधा हिशेब करावा. समजा, पिल्लू महिन्याच्या सुरुवातीला चाळीस ग्रॅमचे होते, त्याला चार वेळा चार ग्रॅमची पिल्ले दिली, म्हणजे एकूण सोळा ग्रॅम, आणि अखेरीस त्याचे वजन सेहेचाळीस ग्रॅम भरले. सोळा ग्रॅम अन्नातून सहा ग्रॅम अंगी लागले. पुढच्या महिन्यात तेवढ्याच अन्नातून केवळ दोन ग्रॅम लागले, तर भक्ष्य वाढवण्याची घाई करण्यापूर्वी तापमानाची नोंद पाहावी, कात जवळ आली आहे का ते पाहावे, आणि दोन्ही ठीक असूनही ही घट टिकून राहिली, तर विष्ठेची जंतांसाठी तपासणी करून घ्यावी. अन्नातून अंगी किती लागले, हे पाहिल्याशिवाय नुसत्या वजनावरून भक्ष्य वाढवणे म्हणजे मूळ कारण झाकून टाकणे होय.

वजनासोबत शरीराची ठेवणही पाहावी. साप हातावरून सरकत असताना पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवावे. निरोगी सापाचे शरीर भरीव आणि गोलसर किंवा किंचित उभट लागते, आणि कणा बोटाला कळतो पण डोळ्यांत भरत नाही. कणा धारेसारखा वर आलेला असेल आणि बाजू छपरासारख्या उतरत्या असतील, तर साप कृश आहे. कण्याच्या जागी खोबण पडली असेल, वळताना बाजूला चरबीच्या वळ्या दिसत असतील, न खाताही खवल्यांच्या मधली त्वचा उघडी दिसत असेल, आणि शेपटीच्या सुरुवातीला धड एकदम जाडसर होऊन मग शेपूट बारीक होत असेल, तर तो स्थूल आहे. कॉर्न स्नेकचे धड मुळातच पावाच्या वडीसारखे पोटाकडे सपाट असते, हे ओळखून मगच निर्णय करावा.

जलद वाढीच्या घाईबद्दल

प्रजननासाठी मादी लवकर तयार व्हावी किंवा साप पाहणाऱ्याच्या नजरेत भरावा, म्हणून काही जण दर चार-पाच दिवसांनी मोठे भक्ष्य देत राहतात. यामुळे पिल्लू झपाट्याने वाढते, हे खरेच आहे. तथापि वजनाची वाढ लांबीच्या वाढीपेक्षा पुढे धावू लागते, आणि जास्तीचे अन्न चरबीच्या रूपात शरीराच्या पोकळीतील गाद्यांमध्ये आणि यकृतात साठते. अशा सापांना पुढे यकृताचे विकार होतात, माद्यांची अंडी अडकण्याचा धोका वाढतो, आणि शल्यचिकित्सेच्या वेळी भूल देणेही अधिक जोखमीचे होते. सापाची चरबी उतरायला महिने आणि कधी कधी वर्षेही लागतात, कारण त्याचा दैनंदिन खर्चच अत्यल्प असतो. सापाला आपण लवकर मोठे करावे, असे त्याच्या हिताच्या दृष्टीने एकही कारण मला दिसत नाही.

याचा अर्थ पिल्लाला अर्धपोटी ठेवावे, असाही नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील वॉटर पायथनवर थॉमस मॅडसेन आणि रिक शाईन यांनी रानात केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या वर्षी उंदीर विपुल होते त्या वर्षी जन्मलेली पिल्ले पहिल्या वर्षात अधिक वाढलीच, शिवाय पुढच्या वर्षांतही त्यांचा वाढीचा वेग इतरांपेक्षा अधिक राहिला. आयुष्याच्या आरंभीचा आहार पुढची दिशा ठरवतो. म्हणून पहिल्या वर्षी १० ते १५ टक्क्यांचे भक्ष्य नियमितपणे द्यावे, आणि वाढ मंदावू लागली की आहारही मंद करावा. साप आयुष्यभर थोडाफार वाढतच राहतो, असे मानले जाते. परंतु वयात आल्यावर हा वेग इतका घटतो की त्यानंतरचे जादा अन्न लांबीत फारसे उतरत नाही. बॉल पायथनच्या माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात, तेव्हा एकाच वेळी अंड्यातून निघालेल्या नर-मादीची वजने दोन वर्षांनी वेगळी भरली, तर ती बरोबरीस आणण्याचा प्रयत्न करू नये.

साप खात नसेल किंवा ओकला असेल तेव्हा

बॉल पायथन, विशेषतः प्रौढ नर, थंडीच्या किंवा प्रजननाच्या काळात काही आठवडे ते काही महिने खात नाहीत. मार्शल मॅक्यू यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि एका रॅटलस्नेकला सुमारे सहा महिने उपाशी ठेवले असता त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च बराच घटला, आणि वजन कमी होत असतानाही त्यांची लांबी थोडी वाढली. म्हणून उपासाच्या काळात लांबी वाढते आहे, यावर समाधान मानू नये, वजनाकडे पाहावे. उपास सुरू होण्यापूर्वीच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत घट असेल आणि साप चपळ असेल, तर दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा भक्ष्य दाखवून शांत राहावे. घट त्यापुढे जाऊ लागली, किंवा पिल्लू पहिल्यापासूनच खात नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे जावे. पिल्लाजवळ साठा फार थोडा असतो.

भक्ष्य ओकणे हे त्याहून गंभीर. भक्ष्य मोठे असणे, तापमान कमी पडणे आणि खाल्ल्यावर लगेच हाताळणे ही तीन कारणे सर्वाधिक आढळतात. ओकल्यानंतर आम्लाने अन्ननलिका पोळलेली असते आणि शरीरातले पाणी व क्षार गेलेले असतात, म्हणून त्याच दिवशी दुसरे भक्ष्य देणे घातक ठरते. स्वच्छ पाणी ठेवावे, दहा ते चौदा दिवस काहीही देऊ नये आणि हात लावू नये, आणि मग नेहमीच्या निम्म्या वजनाचे भक्ष्य द्यावे. ते टिकले तर त्याच आकाराची आणखी दोन-तीन खाणी देऊन हळूहळू पूर्वीच्या आकारावर यावे. लहान भक्ष्यही पुन्हा ओकले, किंवा धडाच्या मध्यभागी कायमचा फुगवटा दिसू लागला, तर क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीची तपासणी करून घ्यावी, आणि तोवर त्या सापाची भांडी, चिमटे व पेटी इतर सापांपासून वेगळी ठेवावी.

स्थूल झालेल्या सापाच्या बाबतीत उपाशी ठेवण्याचा मार्ग निवडू नये. प्रथम भक्ष्य एक पायरी लहान करावे, रॅट देत असल्यास कमी चरबीचा तरुण रॅट निवडावा, आणि अंतर दीडपट करावे. चौदा दिवसांनी देत असाल तर एकवीस दिवसांनी द्यावे. काचपेटी पुरेशी मोठी करून तिच्यात चढण्यासाठी फांद्या आणि लपण्यासाठी एकाहून अधिक जागा द्याव्यात, म्हणजे साप हिंडतो-फिरतो. दर महिन्याला वजन घ्यावे आणि महिन्याकाठी एक-दोन टक्क्यांहून अधिक घट होऊ देऊ नये. कण्यावरची खोबण भरून येऊन पाठ पुन्हा गोलसर लागू लागली आणि खवल्यांमधली त्वचा दिसेनाशी झाली, की भक्ष्याचा आकार तोच ठेवून अंतर एकेका दिवसाने कमी करत आणावे, आणि ज्या अंतरावर सलग तीन महिने वजन स्थिर राहील, तेच त्या सापाचे अंतर समजून पुढे चालू ठेवावे.